गावचं खाजं

"बाई, तुमचे हे 'दीनदुबळे' काढा. ओळीत मावत नाहीत."

घाटकोपरच्या त्या छापखान्यात सुगंधा पहिल्यांदाच आली होती आणि तिचं स्वागत हे असं झालं. छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या खणांपुढे उभा असलेला तो तरुण तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता. बोटांना शाई, कानामागे पेन्सिल आणि हातात तिच्या संस्थेचं मदतीचं आवाहन... जे तिने चांगलं खपून लिहिलं होतं.

"मावत नाहीत म्हणजे? बारीक खिळे घ्या ना."

"घेतो की. मग देणगीदाराला सोबत भिंग द्यावं लागेल. ते संस्थेतर्फे देणार का?"

आता त्याने मान वर केली. हसू ओठांवर नव्हतं, डोळ्यांत होतं. सुगंधाला खरं तर राग यायला हवा होता. पण काही केल्या तो येईना, आणि राग येत नाही याचाच तिला राग आला.

"मग काय ठेवू?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"एक सांगू? 'असंख्य पीडित कुटुंबं' वाचून कुणाचा हात खिशात जात नाही. एका घराचं सांगा. चुलीवर काय शिजतंय, काय शिजत नाहीय, तेवढं सांगा."

"बरंच कळतं हो तुम्हाला देणग्यांतलं!"

"दिवसभर लोकांची आवाहनंच जुळवतो. कुठलं वाचताना गळा दाटतो ते समजतं."

"आणि माझं वाचताना?"

त्याने कागदाकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमचं वाचताना... दम लागला. विशेषणं जड असतात हो."

त्याचं नाव विद्याधर परब. त्या दिवशी सुगंधाने 'दीनदुबळे' काढले, 'असंख्य' काढले, 'अत्यंत' तर तीन ठिकाणचे काढले. आवाहन निम्म्यावर आलं. आणि पहिल्यांदाच, पत्रं गेल्यावर आठवड्याच्या आत संस्थेला दोन चेक आले.

मुलुंडच्या 'आधारवेल' संस्थेत ती वर्षभरापूर्वी लागली होती. ८५ साल चालू होतं. गिरण्यांचा संप संपला असं कुणीच जाहीर केलं नव्हतं, पण कामावर परतलेले थोडे आणि घरी बसलेले फार, अशी गत होती. त्या घरांतल्या बायकांना शिवण शिकवायचं, पोरांच्या शाळेच्या फिया भरायच्या, हे संस्थेचं काम. आणि त्यासाठी पैसा उभा करायचा हे सुगंधाचं. संस्थेचे नाना, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणायचे, "मला मागायची लाज वाटते बाई, तूच माग." सुगंधाला लाज वाटायची नाही. कंपन्यांच्या कचेऱ्यांत ती ताठ मानेने जायची आणि बरेचदा ताठ मानेनेच रिकाम्या हातांनी परत यायची. छापखान्यात जायला लागल्यापासून मात्र हात तितके रिकामे राहीनात.

आणि ती छापखान्यात वारंवार जायला लागली. प्रूफं तपासायला! संस्थेतली तिची मैत्रीण शकु एक दिवस म्हणालीच, "काय गं, एका पानाची प्रूफं असतात तरी किती? आणि मुलुंडात काय छापखाने जळाले का सगळे?"

"तिथे शुद्ध छापतात."

"हो का? मग तुझ्या गालाला शाई कशी लागली?"

सुगंधाने गाल पुसला. शाई नव्हतीच. शकु पोट धरून हसली.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तिने लिहून आणायचं, त्याने खोडायचं, तिने भांडायचं. भांडण उडप्याच्या हॉटेलात नेऊन दोघांत एक डोसा मागवून मिटवायचं. कधी तो मुलुंडला यायचा, मग पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेने दोघं चालत सुटायची. तो पाइपवर चढायचा आणि वरून हात द्यायचा... आणि वर आल्यावरही हात सोडायला विसरायचा. ती आठवण करून द्यायची नाही.

अशाच एका संध्याकाळी, ऑक्टोबरच्या उकाड्यात, त्याने तिला ती गोष्ट सांगितली.

विद्याधरचे वडील दत्ताराम परळच्या एका गिरणीत मागावर होते. घर घाटकोपरला भटवाडीच्या चाळीत, गाव मालवणकडे. दरवर्षी गणपतीला सगळं घर गावी जायचं. संपाच्या पहिल्या वर्षी जायला पैसेच नव्हते. एसटीचं भाडं, भावाच्या पोरांना कपडे, गणपतीचा खर्च... आणि चाळीत तर आधीच सांगून बसलेले, यंदाही चाललोय म्हणून.

"मग?" सुगंधाने विचारलं.

"मग काय! गेलो गावाला." विद्याधर हसायला लागला. "म्हणजे आईबाबा घरात बसले आणि मी बाहेरून कुलूप लावलं. शेजाऱ्यांना सांगितलं, मला छापखान्यातून रजा नाही, मी दोस्ताकडे झोपतो, तुळशीला पाणी घालायला तेवढा येत जाईन. रोज यायचो. तुळशीला पाणी आणि आईबाबांना पाव."

"चल! खोटं सांगतोस."

"आईशपथ. आईने ते सगळे दिवस फोडणी दिली नाही, वास बाहेर जाईल म्हणून. बाबांना खोकला आला की उशीत तोंड खुपसायचे. बाहेर आरती चाललेली, झांजा वाजतायत... आणि आत हे दोघं बिनआवाजाच्या टाळ्या वाजवतायत."

सुगंधा हसत होती. तोही हसत होता.

"आणि परत आले कसे?"

"भल्या पहाटे पिशव्या घेऊन निघाले, कुर्ल्याच्या एसटी स्टँडपर्यंत गेले आणि तिथून रिक्षाने चाळीच्या दारात उतरले. ऐटीत! येताना मी दादरहून आणून दिलेलं मालवणी खाजं, तेच बाबांनी चाळभर वाटलं, गावचा प्रसाद म्हणून. शेजारचे भाऊराव खाऊन काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, 'वा दत्तारामभाऊ! गावची चवच निराळी. मुंबईत नाही हो मिळत असं!'"

दोघं इतकी हसली की पाइपवरून खाली उतरून बसावं लागलं. मग हसू ओसरलं.

"बाबांना कळलं ना, मी हे कुणाला बोललो... तर घरात घेणार नाहीत." तो म्हणाला. "तुला बोलून बरं वाटलं."

सुगंधाने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचं त्याच्यावर प्रेम आहे हे तिला आधीपासून ठाऊक होतं. पण आता त्याच्या त्या आईवडिलांवरही तिचा जीव जडला, ज्यांना तिने अजून पाहिलंही नव्हतं.

पुढच्याच महिन्यात अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या ट्रस्टने नानांना भेटायला बोलावलं. नानांनी अर्थातच सुगंधाला पाठवलं. ट्रस्टचे साहेब हुशार आणि भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे, पण मला ते दिसत नाही. माझ्या विश्वस्तांना एक घर दाखवा. एकच. खरं. त्यांना ते दिसलं, तर पुढच्या तीन वर्षांचा संस्थेचा खर्च आमचा."

तीन वर्षांचा खर्च! इकडे संस्थेत मार्चनंतर शिवणवर्गाच्या बाईंचा पगार कुठून द्यायचा ते नानांना माहीत नव्हतं.

सुगंधा संस्थेच्या खिडकीशी बसली आणि एका बैठकीत तिने ते पान लिहून काढलं. कुलूप, तुळस, बिनफोडणीची भाजी, उशीतला खोकला, खाजं. परबांचे सावंत केले. मालवणचं वेंगुर्लं केलं. घाटकोपर गाळून टाकलं. तिच्या हातून इतकं चांगलं याआधी कधी लिहून झालं नव्हतं, हे लिहितानाच तिला कळत होतं. नानांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले. साहेबांनी फोनवर सांगितलं, हे पान स्मरणिकेत पहिलंच घ्या, छपाई आम्ही आमच्याच छापखान्यातून करून देतो.

ही स्मरणिका संस्थेच्या मदतीसाठी ठेवलेल्या नाटकाच्या प्रयोगाची होती. जानेवारीत, मुलुंडच्या नाट्यगृहात. देणगी प्रवेशिका विकायला विद्याधरने कंबर कसली होती. आपली अख्खी चाळ त्याने गळ घालून तयार केली होती.

उडप्याच्या हॉटेलात तो प्रवेशिकांचे पैसे तिच्यापुढे ठेवत होता, तेव्हा सुगंधा म्हणाली, "विद्याधर... तुला एक विचारायचं होतं."

"विचार की."

तो असा हसऱ्या चेहऱ्याने बघत होता... आणि तिला वाटलं, नाही म्हणाला तर? नाही म्हणाला तर साहेबांना काय सांगायचं, नानांना काय सांगायचं? आणि नावं तर बदलली आहेत. कुणाला कळणार आहे? छापून आलं की आपणच त्याच्या हातात ठेवू. शिकवणी त्याचीच, खूश होईल.

"तुझ्या आईबाबांना कुठल्या रांगेत बसवू?" तिने विचारलं.

"हे होय! अगं, मला वाटलं, मागणी घालतेस की काय."

"गप रे!"

"गप काय? बाबांनी ठरवलंय. मध्यंतरात तुझ्या वडिलांशी बोलणार आहेत. नाटकाला यायचं ते त्यासाठीच, नाटक बिटक निमित्त. नवीन शर्ट शिवलाय म्हातारबुवांनी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझी हरकत नाही ना?"

सुगंधाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने प्रवेशिकांचे पैसे मोजायला घेतले आणि दोनदा चुकली. जे विचारायचं होतं ते त्या आनंदात कुठल्या कुठे वाहून गेलं.

प्रयोगाला थिएटर भरलं. सुगंधा हिरवी साडी नेसून विंगेत उभी होती. तिथून तिला परबांची रांग दिसत होती. नव्या शर्टातले दत्ताराम, नाकात नथ घातलेल्या सोनूबाई, त्यांच्या शेजारी भाऊराव आणि त्यांची बायको, मागे चाळीतली सगळी मंडळी. स्मरणिका बहुतेकांनी न उघडताच वारा घ्यायला वापरली होती. ते बघून तिचा जीव भांड्यात पडला. विद्याधर दाराशी उभा होता आणि तिथून तिच्याकडे बघून, वडिलांच्या शर्टाकडे खूण करून हसत होता.

पहिला अंक संपला. मध्यंतराआधी साहेबांचा सत्कार झाला. साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मी भाषण करणार नाही. या स्मरणिकेत एक पान आहे, ते फक्त वाचून दाखवतो."

सुगंधाला वाटलं, धावत जाऊन माइक बंद करावा. तोवर साहेबांनी पान उघडलं होतं.

साहेबांचा आवाज चांगला होता. कुलूप लागलं तेव्हा सभागृह शांत झालं. फोडणीपाशी बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दाराशी उभ्या विद्याधरचं हसू कधी गेलं ते तिला दिसलं. तो साहेबांकडे नाही, वडिलांकडे बघत होता. दत्ताराम समोर बघत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. साहेब खाज्यापर्यंत आले आणि भाऊरावांनी मान वळवली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माणसाला एकदम काही उमगतं आणि तोंडून निघून जातं, तसंच झालं.

"म्हणजे दत्तारामभाऊ... ते खाजं...?"

भाऊरावांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. तोवर मागची सगळी रांग वाकून बघायला लागली होती. पान संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दत्तारामांनीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच.

दिवे लागले. सुगंधाचे वडील शर्टाची कॉलर नीट करत त्या रांगेपाशी आले आणि भाऊरावांना विचारू लागले, "इथे परब कुठे बसलेत हो?" दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

विद्याधर तिला फाटकाशी सापडला. तो रिक्षात आईवडिलांना बसवून मागे वळला होता.

"विद्याधर, मी सांगणार होते तुला... नावं बदलली होती... वाचून दाखवतील असं मला..."

"झकास लिहिलंयस," तो म्हणाला. "एक विशेषण नाही." आणि तो रिक्षात बसून गेला.

चार दिवसांनी ती भटवाडीला गेली. शिव्या खायची तयारी करूनच गेली होती. दत्तारामांनी तिला खुर्ची दिली.

"बस गो चेडवा. च्या घे. रडतंस कित्याक? तुझ्या संस्थेक पैसे गावले मां?"

"हो काका. पण मला माफ..."

"मगे बरां झालां. चार घरांची पोरां शिकतली. माका राग नाय." आणि ते उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाठ तिच्याकडे होती. गॅलरीतून जाणारं-येणारं त्यांना त्या दिवसापासून फार आदराने नमस्कार करत होतं, आणि तोच त्यांना सोसत नव्हता.

सोनूबाई चहाचा कप तिच्या हातात देत हळूच म्हणाल्या, "राग माकाय नाय गो. तू वायट नाय, माका ठावक आसा. पण सून घरात इली की तिच्यासमोर माणूस कायव बोलता. भांडता, रडता. माका आता तुझ्यासमोर जीभ सांभाळूची लागतली. तां कसां जमतला?"

सुगंधाने चहा संपवला आणि कप स्वतःच मोरीत नेऊन विसळला.

लग्नाचं बोलणं त्यानंतर कुणी काढलं नाही. पण विद्याधर भेटत राहिला. हे सगळ्यात वाईट होतं, कारण त्यामुळे तिला आशा वाटत राहिली. तो यायचा, डोसा अर्धा करायचा, छापखान्यातली नवी मशीन कशी बिघडते ते सांगायचा. ती विचारायची, "घरी कसे आहेत?" तो म्हणायचा, "मजेत." पाइपलाइनवर तो अजूनही हात द्यायचा. वर आल्यावर आठवणीने सोडायचा.

एप्रिलमध्ये अंधेरीच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ट्रस्ट नवा विभाग काढत होता. इतर संस्थांना पैसे कसे उभे करायचे, पुढची आखणी कशी करायची, याचा सल्ला देणारा. "ते पान लिहिणारी मुलगी मला हवी आहे," साहेब म्हणाले. पगार तिच्या वडिलांपेक्षा जास्त होता. ही बातमी पहिल्यांदा विद्याधरला सांगायची म्हणून ती घाटकोपरला उतरली आणि थेट छापखान्यात गेली.

तो नव्हता. मालक म्हणाले, "परब अर्धा दिवसच येतो सध्या. आईचं ऑपरेशन झालं ना त्याच्या. पोटाचं. दहाएक दिवस झाले, अजून हॉस्पिटलातच आहे म्हातारी. तुम्हाला ठाऊक नाही?"

दहा दिवसांत दोघं दोनदा भेटली होती. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, मजेत.

छापखान्यात ठेवलेला तिचा निरोप मिळून संध्याकाळी तो उडप्याच्या हॉटेलात आला, तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. त्याची दाढी वाढली होती. मागच्या वेळीही वाढलेली होती, पण तिला वाटलं होतं, आळस.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही. कपातला चहा चमच्याने ढवळत राहिला. साखर कधीची विरघळली होती.

"सांगणार होतो गं. दोन्ही वेळा तोंडाशी आलं. ऑपरेशनला नेताना आई बाबांना एक बोलली... इतकं वाटलं तुला सांगावं. तूच आठवलीस पहिल्यांदा. आणि मग मनात आलं, हे ऐकून ही..." तो थांबला.

"मी लिहिणार नाही, विद्याधर. कधीच. तुझी शपथ."

"माहितीय मला."

"मग?"

"तरी वाटतं."

त्याने आरडाओरडा केला असता तर ती भांडली असती, पाया पडली असती, रडून त्याला जिंकलंही असतं. पण 'तरी वाटतं' यावर काय करायचं? त्याच्या आईने नेताना काय म्हटलं असेल, ते जाणून घ्यायला तिचा जीव तडफडत होता. आणि ते विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याच क्षणी तिला लख्ख कळलं. नोकरीची बातमी ओठांवर होती. ती तिने तशीच गिळली.

"तुला घरी जाऊन मन मोकळं करता येईल अशी बायको हवी," ती म्हणाली. "माझ्याकडे येऊन तू दार लावून घेतोस. किती दिवस लावशील?"

तो नाही म्हणेल... निदान एकदा तरी म्हणेल, असं तिला वाटलं. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने टेबलावरचा तिचा हात धरला, घट्ट, आणि मग सोडला.

"माझं प्रेम आहे गं तुझ्यावर," तो म्हणाला. हे शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारले होते.

"माझंही."

दोघं बाहेर आली. तिची बस समोरच लागली होती. पायरीवर पाय ठेवताना ती वळली आणि न राहवून विचारलं, "काकूंना आता कसं आहे?"

विद्याधरने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला त्याचे ओठ हललेसुद्धा. मग रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला सांगावं तसं, नीट हसून, तो म्हणाला,

"बरी आहे."